पंप थांबला की

“अम्मी, माझा आवाज मागं ठेवू नको. सगळं काढून टाक.”

मागच्या पडवीत विळी मांडून सफुरा नारळ खवत होती आणि नेहमीसारखे ते शब्द तिच्या कानाशी येऊन बसले होते. शब्द यशराचेच होते. आवाज मात्र आता कुणाचाच राहिला नव्हता. पाच वर्षांत तो झिजत झिजत गेला. आताशा सफुराला ते वाक्य स्वतःच्याच आवाजात ऐकू यायचं, आणि त्या गोष्टीचं तिला मनातून भय वाटायचं.

गुरुवार होता, म्हणून तिचा रोजा होता. दुपार उतरतानाची असरची नमाज नुकतीच झाली होती. भाच्याचं, नबीलचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि लग्नघरात बायकांची गर्दी म्हणून नारळ खवायचं काम सफुरानं आपल्या घरी मागून घेतलं होतं. वाडीतला पंप एका लयीत घुरघुरत होता. तिचा नवरा वहाब सुपारीच्या आळ्यांना पाणी लावत होता.

पडवीच्या पायरीवर अक्सा बसली होती. ही नबीलच्या मोठ्या भावाची, हारिसची मुलगी. सहा वर्षांची. जन्म, वाढ सगळं जेद्दाचं, गाव फक्त सुट्टीपुरतं. काडीनं मातीत रेघा ओढताना ती गुणगुणत होती.

“मेंदीची पानं गो पाट्यावर...”

मग ती थांबली, बारीकशी हसली, आणि पुढची ओळ तिनं धरली.

“...पाट्यावर वाटली, बहिणीच्या हाताला रातभर राहिली...”

सफुराचा हात खवणीवर थबकला. करवंटी निसटली आणि पायरीवरून खाली घरंगळत गेली.

“परत म्हण, बाळा.”

अक्सानं परत म्हटलं. ‘पाट्यावर’ झाल्यावर पुन्हा तीच एवढीशी थांबण्याची जागा, पुन्हा तेच हसू. आधी नाकातून सुटलेलं, मग ओठ दाबून आवरलेलं. मुलीनं हसायचं म्हणून ते हसलं नव्हतं. गाण्याचाच तो एक तुकडा असावा, तसं तिनं ते म्हटलं होतं.

“मधी हसायचं कुणी शिकवलं?”

“तसंच आहे ना गाणं,” अक्सा म्हणाली. “यशरा फुपूच्या व्हिडिओत. अम्मी रोज लावते.”

सफुरानं पदराला हात पुसले. मग पुन्हा पुसले. वाडीत पंप घुरघुरतच होता.

*

यशरा बावीस वर्षांची होती. लहानपणीच्या सांधेतापानं तिच्या काळजाची झडप खराब झालेली, त्यामुळे शाळेच्या पायऱ्यासुद्धा ती बसत बसत चढायची. पण गळा असा होता की लग्नघरातून तिला आधी बोलावणं यायचं, वधूच्या मामीला नंतर. मेंदीची जुनी गाणी तिनं गावातल्या म्हाताऱ्यांकडून एकेक करून उचलली होती. ही गाणी बायकांची. ढोलकीवर थाप पडली की पुरुषांनी अंगण सोडून निघून जायचं, हा रिवाज. सासऱ्याची, दिराची, नवऱ्याची इतकी उणीदुणी त्यात काढलेली असत, की निघून जाण्यातच त्यांची अब्रू होती. वहाब तर चाहूल लागताच फावडं उचलून वाडीत जायचा.

यशरानं ती गाणी फोनवर घेऊन छोट्या व्हिडिओंच्या त्या अॅपवर टाकायला सुरुवात केली, तेव्हा सफुरा आधी रागावलीच होती. यशरा म्हणाली होती, अम्मी, कुवेतला, मस्कतला, जेद्दाला आपल्याच बायका आहेत, त्यांच्या पोरींच्या हाताला मेंदी मुक्यानं लागते. तिनं कधी चेहरा दाखवला नाही. फक्त मेंदी काढणारे हात, आणि वर लिहिलेलं, ‘फक्त बायकांसाठी’.

ते हसण्याचं गाणं सफुरासमोरच घेतलेलं. मामेबहिणीची मेंदी ह्याच घरी होती. माजघरात बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मेंदी लवकर वाळावी म्हणून पंखा जोरात फिरत होता, त्यानं यशराची ओढणी सारखी उडत होती. मागून वाडीतल्या पंपाची घरघर येत होती आणि रेकॉर्डिंगमध्ये ती येणार म्हणून यशरा कपाळाला आठ्या घालून गात होती. ‘पाट्यावर’ म्हणाली आणि नेमका पंप थांबला. यशरानं मान वर केली, हसू फुटलं ते ओठांत दाबलं आणि गाणं पुरं केलं. नंतर म्हणाली, लाइट गेली गो, माझ्या नशिबानंच गेली. सगळ्याजणी हसल्या होत्या.

मग ती टाळेबंदी आली. मुंबईचं ऑपरेशन पुढं गेलं, मग आणखी पुढं गेलं. ईद सरली त्या आठवड्यात यशराला उशांना टेकूनच बसवावं लागायचं. एका दुपारी तिनं फोन आईच्या हातात दिला आणि ते वाक्य म्हणाली.

सफुरा म्हणाली होती, असं काय बोलतेस, गाणीच तर आहेत.

“मी झोपल्यावर ती जागी राहिली तर? माझ्या नावानं कुठं कुठं बोलत बसतील. मला तसं पडून ऱ्हायचं न्हाय, अम्मी.”

सफुरानं तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. कबूल करताना तिला वाटलं होतं, आज नको, ती बरी झाल्यावर करू. चार दिवसांत यशरा गेली. मोजक्या माणसांनी मातीला खांदा दिला. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली आणि मागोमाग निसर्ग वादळ आलं. अर्धी वाडी आडवी केली त्यानं, माजघरावरचे पत्रे नेले, यशराचा फोन पाण्यात गेला. महिनाभर गावात वीज नव्हती, मनोरे पडलेले, फोन म्हणजे नुसती काच. सफुरा रोज मनात म्हणायची, लाइट येऊ दे, पहिलं काम ते.

लाइट आली, त्याच सुमाराला दिल्लीहून हुकूम निघाला. सरहद्दीवर जवान मारले गेले होते, चिन्यांची अॅपं बंद. शेजारच्या मुलीच्या फोनवर सफुरानं यशराचं पान उघडायला लावलं, तर पांढऱ्या पडद्यावर चार ओळी आल्या: सरकारी आदेशानुसार ही सेवा उपलब्ध नाही. सफुरानं त्या दोनदा वाचून घेतल्या. जे तिच्यानं होत नव्हतं, ते सरकारनं एका सहीनं करून टाकलं होतं. घरी येऊन तिनं शुकराण्याच्या नमाजीच्या दोन रकात पढल्या आणि मग वादळानंतर पहिल्यांदाच पोटभर रडली.

पोरगी आता झोपली, असं तिनं त्या दिवशी धरलं. पाच वर्षं धरून चालली.

*

“फुपू, बंदी म्हंजे हितल्या दुकानाचं शटर पाडलं,” हारिस आपल्या आत्याला म्हणाला. “गोदाम थोडंच जाळलं?”

तो दिवस मावळताना, मगरिबच्या आधी अक्साला न्यायला आला होता. जेद्दाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात काम करायचा, त्यामुळे घरात कुणाच्याही फोनला काही झालं की त्यालाच हाक. सोबत त्याची बायको होती. सफुरानं रोजा सोडायला खजूर, पाणी मांडलं आणि त्यांना बसवून घेतलं.

“गोदाम कुठं हाय?”

“कोण म्हणतं सिंगापूर, कोण म्हणतं अजून कुठं. आपल्याला काय कळतंय. आमच्या दुकानात सात मुलखांची गिऱ्हाइकं येतात, एकेकाच्या देशात एकेक बंद. एकाला हे चालू करून पायजे, दुसऱ्याला ते. नेपाळ्यांचं बंद झालं, परत चालू झालं. दुबईत इंटरनेटवरचा फुकटचा फोन लागत न्हाय, तोही कायदाच. फुपू, आता माल जहाजातनं उतरवून घ्यायचा का न्हाय एवढंच सरकार बघत न्हाय. माणसाचा आवाज कुठं वाजायचा, कुठं न्हाय, तेपण बघतंय.”

“पण मी सवता बघितलं. पान कोरं झालं व्हतं.”

“हितं कोरं. तिकडं हाय तसं हाय.”

 हारिसच्या बायकोला पुढचं सगळं कौतुकानं सांगायचं होतं आणि सफुराचा चेहरा पाहून ते जमत नव्हतं. तरी तिनं सांगितलं. जेद्दात आपल्याकडची एकही मेंदी यशराशिवाय लागत नाही. कुवेतच्या एका मुलीनं तर निकाहच्या आदल्या दिवशी तेच गाणं चाळीस वेळा लावलं म्हणतात. आणि खाली बायका लिहितात. अजून लिहितात.

“काय लिहितात?”

“हेच की...” ती अडखळली. “आपा, फार दिवस झाले, नवीन गाणं कधी टाकणार?”

 सफुरानं खजुराची बी तळहातावर घेतली आणि ती मुठीत धरून बसली.

त्या संध्याकाळपासून तिची नमाज सरळ होईना. सलाम फेरून झाल्यावर क्षणभर जी शांतता असते, तिच्यात कुणीतरी गाण्याआधी श्वास घेतंय असं वाटायचं. वहाबनं पंप बंद केला की वाडी एकदम गप्प व्हायची आणि हातातलं काम तसंच ठेवून ती मागच्या दाराशी येऊन उभी राहायची. आत्ता सुरू होईल. सुरू काहीच व्हायचं नाही. समुद्रापलीकडे कुठल्यातरी माजघरात होत असेल, त्याच वेळी. तिची पोर झोपलेली नव्हती. रोज परक्या घरी उठून गात होती, हसत होती, आणि ज्या घरची ती, तिथं तेवढी ती मुकी होती.

शनिवारी ती श्रीवर्धनला प्रज्योतच्या सेवाकेंद्रात गेली. रेशनकार्डापासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळं हा मुलगा करून द्यायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. पुन्हा त्याच पांढऱ्या ओळी. काकी, तो म्हणाला, आता माहितीचा नवा कायदा झालाय, आपल्या पश्चात आपलं जे काही आहे त्याबद्दल कुणी बोलायचं ते आपण आधीच नेमून ठेवू शकतो. पण तुमच्या मुलीनं कधी नेमलं असणार, आणि मुळात ती कंपनीच इथं नाही. निघून गेलेल्या दुकानदाराकडे अर्ज कुठे टाकणार? मग आवाज खाली आणून म्हणाला, एक आडमार्ग असतो, आपण परदेशात बसलोय असं भासवायचा. सफुरानं मान हलवली. जे काम यशराला शांत झोप मिळावी म्हणून करायचं, ते खोटं सांगून करायचं नव्हतं.

*

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी हारिस बायकोला घेऊन आपण होऊन आला. त्यानं विचार केला होता.

“मीच उडवतो तिकडनं. जेद्दाला पोचलो की दोन मिन्टाचं काम. फकस्त तिच्या नंबरवर ओटीपी येईल. तो नंबर आता कुठला चालू असणार म्हणा...”

“चालू हाय.”

वहाब पडवीच्या टोकाला बसून रबरी नळीला जोड मारत होता. त्यानं मान वर केली नाही. हारिसनं सफुराकडे पाहिलं, सफुरानं वहाबकडे.

“माझ्या फोनात दुसरं सिम तिचंच हाय,” वहाब म्हणाला. “नाक्यावर जातो तवा रिचार्ज मारतो.”

एवढं बोलून तो नळी गुंडाळायला लागला. तीस वर्षं त्यानं बहारीनच्या गोदीत काढली होती. घरातलं कुणी त्याच्याशी फार बोलायचं नाही आणि तोही कुणाला विचारायचा नाही. यशरा गेल्यावर तो सुपारीची नवी रोपं लावत सुटला, बाकी त्याचं काय झालं ते सफुराला कधी नीट कळलं नाही. त्या नंबरावर कुणीही फोन करणार नव्हतं. तरी हा माणूस दर महिन्याला नाक्यावर जात होता.

“मग झालंच,” हारिस म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. “फुपू, एक बोलू? राग नका मानू. आमच्या बायका हितनं तुटल्यात. त्यांच्या पोरींना गाणी कोण शिकवणार? तिथं यशराच हाय एक. लोकं दुवा देतात तिला. ऱ्हाऊ दे म्हणतो मी.”

सफुराला ते खोटं वाटलं नाही. अक्सानं त्या ओळी म्हटल्या तेव्हा, भीतीच्या तळाशी, तिला काय झालं होतं ते तिचं तिला ठाऊक होतं. पाच वर्षांनी तिनं आपल्या मुलीचं हसू ऐकलं होतं. ते पुसलं की जगात कुठंच उरणार नव्हतं.

“ती गाणी तुमची झाली असतील,” ती सावकाश म्हणाली. “ज्यांना पायजेत त्यांनी शिकून घ्यावीत. आवाज तिचा हाय. आवाज तिनं परत मागितलाय.”

“मग द्या ओटीपी, मी...”

“तू न्हाय. वर काय लिवलंय त्या पानावर? बायकांसाठी.”

हारिसचे कान लाल झाले. त्याची बायको खाली बघून हसली. मी किचनमधे तिचं गाणं लावते तेव्हाच हा पाणी प्यायला येतो, असं काहीतरी ती पुटपुटली आणि हारिसनं तिला गप्प केलं.

“मी कबूल केलंय,” सफुरा म्हणाली. “माझ्या हातानं व्हायला पायजे.”

हारिसनं डोकं खाजवलं. मग तिच्या हातांनी करायचं तर काय काय लागेल ते त्यानं सांगितलं. इथून होणार नाही, तिकडे यावं लागेल. इकडचं सिम असलेल्या फोनवर ते तिथंही उघडत नाही, तेव्हा आपल्या बायकोच्या फोनवर उघडायचं आणि ओटीपी वहाबच्या फोनवर घ्यायचा. पुसण्याआधी पान उघडणार. उघडलं की गाणं आपोआप वाजायला लागणार, त्याला इलाज नाही.

“वाजू दे,” सफुरा म्हणाली आणि उठून आत गेली. चूल पेटलेली नसताना तिनं फुंकणी उचलली, आणि परत जागेवर ठेवली.

त्या दिवशी जेवताना तिनं वहाबला सांगितलं, उमऱ्याचं, मक्केला जायचं बघा. दर वर्षी तो विचारायचा आणि दर वर्षी ती म्हणायची, माझी नीयत अजून साफ नाही, मनात दुसरंच काहीतरी असतं. आता मनात काय आहे ते तरी तिला ठाऊक होतं. आधी उमरा पुरा करायचा, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. मग परतीच्या वाटेवर जेद्दाला हारिसचं घर. दोन नीयती, दोन वेगळ्या गाठी.

वहाबनं ताटातला घास संपवला.

“बरं,” तो म्हणाला.

*

हज-उमऱ्याला निघण्याआधी घरोघर जाऊन माफी मागतात. सफुरानं ते नेटानं केलं. भावजयीशी वादळातल्या पत्र्यांवरून झालेलं भांडण, शेजारणीचा न फेडलेला उपकार, कुणाच्या मयताला जायचं राहिलेलं. प्रत्येक दारात ती म्हणायची, बोलण्याचालण्यात काही चुकलं असेल तर माफ करा, आणि दारातली बाई म्हणायची, माफ केलं, आम्हाला दुव्यात आठवा. खारकरांच्या आवडाबाईनं तर डोळे पुसत तिच्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाली, तुमच्याकडं घालतात का न्हाय मला ठावं न्हाय, पण बाई रिकाम्या हातानं जाऊ नये. सफुरानं तो नारळ कपाळाला लावला. दिवस मावळताना ती कब्रस्तानाच्या गडग्याबाहेर उभी राहिली. तिथं मात्र तिला माफीचे शब्द सापडले नाहीत. येते, एवढंच म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी चंदरची जीप यायची होती, माणगाव करून मुंबई. सफुरानं मोठी बॅग बांधली, खांद्याच्या पिशवीत नमाजेचा मुसल्ला, जपाची तसबी आणि औषधं ठेवली. उकाडा होता म्हणून माजघरातला पंखा लावला होता. मागे वाडीत पंप चालू होता. पंधरा दिवस घर बंद राहणार, म्हणून वहाब आळी भरून घेत होता.

तो ओल्या पायांनी आत आला आणि दाराशीच थांबला. पांढरा सदरा घातला होता, पण विजार अजून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली होती.

“एक माफी ऱ्हायलीय,” तो म्हणाला.

“आपली काल झाली की.”

“तुझी न्हाय. तिची. ती न्हाय म्हणून तुझ्याकडं मागतो.”

सफुरानं पिशवीची चेन ओढता ओढता हात थांबवला. वहाब तिच्याकडे बघत नव्हता. जमिनीवर उमटलेल्या आपल्या ओल्या पावलांकडे बघत होता.

“पंप मी बंद करायचो,” तो म्हणाला.

“कधी?”

“ती गायची तवा. मी रिवाजानं वाडीत जायचो, पण आवाज तिथवर यायचा. पंपाची घरघर मधी यायची. मग मी खटका पाडायचो.” तो थांबला. “बायकांचं गाणं व्हतं. ऐकायला नको व्हतं मी. पण मी गोदीत असताना ती कवा गायला लागली तेच मला ठावं न्हाय. सुट्टीवर आलो आणि पहिल्यांदा भिंतीमागनं ऐकलं. समोर कशी म्हणू, की गा म्हणून.”

“आमी समजायचो लाइट गेली.”

“मी पण तसंच सांगायचो. वायरमनला शिव्या घालायचो वर.” त्याच्या मिशीत काहीतरी हललं आणि विझलं. “सुपाऱ्या सुकल्या त्या साली. पाणी निम्म्या आळ्यातच थांबायचं.”

 सफुरानं हळूच मान वर केली.

पंखा फिरत होता.

त्याही दिवशी तो फिरत होता. मेंदी वाळावी म्हणून जोरात लावलेला. पंप थांबला, यशराची ओढणी मात्र उडतच राहिली. यशरानं मान वर करून पाहिलं होतं, ते याच पंख्याकडे. मग तिला हसू फुटलं, ते तिनं ओठांत दाबलं, लाइट गेली गो म्हणाली, आणि आणखी एक पट्टी चढवून, भिंतीपलीकडे नीट पोचेल असं, गाणं पुरं केलं.

एवढ्या बायका बसल्या होत्या माजघरात. वर कुणी पाहिलं नव्हतं.

“माफी पायजे व्हती,” वहाब म्हणाला. “असा भार घेऊन त्या दारात कसा जाऊ?”

“तिनं त्याच दिवशी दिलीय,” सफुरा म्हणाली.

वहाबनं तिच्याकडे पाहिलं. कसं, असं त्यानं विचारलं नाही. आयुष्यभर विचारलं नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला, तो हातात थोडा तोलला आणि तिच्या पिशवीत मुसल्ल्याच्या घडीवर ठेवला.

“तू पुसशील तवा मी भाईर उभा ऱ्हाईन,” तो म्हणाला. “जिन्यात. रिवाजानं.”

“उभे ऱ्हा,” सफुरा म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. “मी दार उघडं ठेवीन.”

बाहेर जीपचा भोंगा वाजला. चंदरनं अंगणातूनच हाक दिली की माणगावला रस्त्याचं काम चाललंय, लवकर निघालेलं बरं. वहाबनं विजारीच्या घड्या सोडल्या आणि पंप बंद करायला तो मागच्या दारानं वाडीत गेला.

सफुरानं पिशवीची चेन लावली. मग ती माजघराच्या मधोमध उभी राहिली.

पंप थांबला. नारळीच्या झावळ्या, विहिरीचा रहाट, पाण्याची शेवटची गुळगुळ, सगळं एकेक करून गप्प झालं. ती एक श्वासभर थांबली.

मग तिनं पंख्याचं बटण बंद केलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि पिशवी खांद्याला लावून उंबऱ्याबाहेर उजवं पाऊल टाकलं.